धारणीच्या लॉजवर पाच रात्री



आज एक सरळ प्रश्न विचारते. तुमच्यापैकी कितीजणी लॉजवर राहिल्या आहेत? धर्मशाळेचं विचारत नाही हं. धर्मशाळा म्हणजे आपलं दुसरं घरच. मुक्तागिरी, शिरपूर, रामटेक, कुंथलगिरी, मांगीतुंगी, आणि योग आला तर श्रवणबेळगोळ, शिखरजी. ऑफिसात पावती फाडायची, गाद्या मोजून घ्यायच्या, भोजनशाळेची वेळ विचारायची, आणि संध्याकाळी आरतीला जायचं. पाणी गाळलेलं आहे का, भाजीत कांदा आहे का, हे विचारावंही लागत नाही. आपल्या बायका साऱ्या हिंदुस्थानभर फिरून येतात, पण एका मंदिराच्या आवारातून निघतात आणि दुसऱ्या मंदिराच्या आवारात उतरतात. मधलं जग आपण बसच्या खिडकीतून पाहतो.

मीही चौसष्ट वर्षं अशीच फिरले. लॉज हा शब्द आमच्या घरात चांगल्या अर्थानं कोणी उच्चारत नसे. त्यामुळे मागच्या डिसेंबरात मी मेळघाटात धारणीला एका साध्या लॉजवर पाच रात्री राहून आले, तेव्हा माझ्या नणंदेनं फोनवर पहिला प्रश्न केला, "वहिनी, तिथं दाराला कडी तरी होती का वो?" होती. ती लागायलाही लागत होती, थोडी उचलून धरावी लागे एवढंच.

झालं असं. आमची सूनबाई बँकेत आहे. लग्न झाल्यापासून तिवसा ते अमरावती रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. मागच्या वर्षी तिनं खात्याची परीक्षा दिली, पास झाली, आणि क्लार्कची ऑफिसर झाली. आम्ही पेढे वाटले. आठ दिवसांनी ऑर्डर आली, त्यावर गाव होतं धारणी. पदोन्नती हवी तर तिथं रुजू व्हायचं, नाहीतर आहे त्या खुर्चीवर बसायचं.

घरात बैठक बसली. आमचे हे म्हणाले, "आपल्याला काय कमी आहे? दुकान आहे, शेत आहे. नको म्हणून कळव." मुलगा कधी आईकडे, कधी बायकोकडे पाहत बसला. सूनबाई काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "एकदा जाऊन पाहिलं तर चालेल?" कापसाचा हंगाम, मुलाला दुकान सोडता येईना. ह्यांचे गुडघे घाटाच्या बसमध्ये दोन तास टिकणारे नाहीत. मी म्हटलं, मी जाते हिच्यासोबत.

सगळ्यांना वाटलं, सासू किती समजूतदार! मैत्रिणींनो, इथं खोटं लिहून उपयोग नाही. मी तिला पोचवायला निघाले नव्हते. मी तिला परत आणायला निघाले होते. चार दिवस लॉजवर काढले, पाण्याचे आणि जेवणाचे हाल झाले, की पोरगी आपणच म्हणेल, आई, चला घरी. मला एक शब्द बोलावा लागणार नाही, असा माझा हिशेब होता. बी.कॉम. आहे ना मी, हिशेब करायची सवय.

सामान तर असं बांधलं की जणू विहाराला निघालेल्या संघाचा चौका सोबत आहे. गाळायचं जाड खादीचं छन्नं दोन, पितळी घागर, इंडक्शनची शेगडी, घरी दळलेलं पीठ, निवडलेली मूगडाळ, तांदूळ, तूप, दशम्या, शंकरपाळे, लवंगांची डबी, आणि पार्श्वनाथांची छोटी तसबीर. मुलानं एसटीत सामान चढवता चढवता विचारलं, "आई, परत येणार आहेस ना?"

अमरावतीहून परतवाडा, आणि पुढे घाट. परतवाड्याला बस थांबली तेव्हा मी मुक्तागिरीच्या दिशेनं हात जोडले. बावन्न मंदिरांचा तो डोंगर इथून किती जवळ! दरवेळी आपण परतवाड्याहून तिकडेच वळतो. यावेळी बस सरळ गेली. घटांग, सेमाडोह, हरिसाल. दोन्ही बाजूंना सागाचं रान. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जागांत आपला मेळघाट होता, हे शाळेत घोकलं होतं. पण अमरावती जिल्ह्यात चाळीस वर्षं संसार करूनही त्या रानातून जायची ही पहिलीच वेळ. फोनची रेंज गेली. बसमधल्या बायका आपसात बोलत होत्या त्यातला एक शब्द मला कळेना. ती कोरकू भाषा. मराठी, हिंदी, गोंडी, कशाशीच तिचं नातं नाही. संथाली आणि मुंडारी तिच्या बहिणी, आणि त्या तिकडे झारखंडाकडे. स्वतःच्याच जिल्ह्यात मी परदेशी पाहुणी झाले होते.

दुपारी तीनच्या सुमारास धारणीला उतरलो. लॉज बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. खाली एक खानावळ, वर आठ-दहा खोल्या. टेबलामागे साठीचे एक गृहस्थ, कानाला मफलर गुंडाळलेला. बऱ्हाणपूरकडचे असावेत; बोलणं हिंदी, मधूनमधून मराठी. सगळे त्यांना मॅनेजर म्हणत. त्यांनी आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतल्या आणि मोठं रजिस्टर पुढे सरकवलं. रजिस्टर दिसलं की माझी नजर आधी रकान्यांकडे जाते. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण, सही. सूनबाईनं कारणाच्या रकान्यात लिहिलं, नोकरी. मॅनेजरनी मला विचारलं, "और माताजी का कारण?" मी क्षणभर थांबले आणि लिहिलं, सोबत. पेन ठेवताना मनात थोडं टोचलं.

खोलीचं भाडं दिवसाला ६०० रुपये. दोन लोखंडी पलंग, एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला हिरवा ऑइलपेंट, खिडकीला जाळी. चादरी धुतलेल्या, पण पिवळट. न्हाणीत एक नळ, एक बादली. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, खालून मागवायचं. आणि जिन्यातून वर येणारा खानावळीचा वास. खाली अंडी-मटण सगळं शिजत होतं. मी पदर नाकाला लावला आणि मनात म्हटलं, झालं, ही इथं दोन दिवसही काढत नाही.

सूनबाई शाखेत भेटून यायला गेली. दारामागे पाटी होती, खोलीत स्वयंपाक करण्यास मनाई आहे. मी ती वाचली आणि न वाचल्यासारखी केली. डिसेंबरात तिकडे पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. पाच वाजता शेगडी लावली, खिचडी चढवली, आणि दोन मिनिटांत फट्! नुसती आमची खोली नाही, अख्ख्या मजल्याची लाईट गेली. खालून मॅनेजर वर आले. माझ्या हातात डाव, समोर पाण्यात बसलेले तांदूळ. पाटीसमोर चोरी पकडली गेली. मी एवढ्या वयात इतकी ओशाळले नव्हते.

ते रागावले नाहीत. फ्यूज बांधला आणि विचारलं, "आप लोग क्या नहीं खाते, माताजी?" मी यादी सांगितली. मांस-अंडं तर नाहीच; कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळं नाही; मध नाही; आणि दिवस मावळल्यावर काहीच नाही. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "फिर आज?" खिडकीबाहेर पाहिलं तर दिवस मावळला होता. दशम्यांचा डबा पिशवीतच राहिला. मी म्हटलं, "आज उपास."

सूनबाई आली. तिनंही काही खाल्लं नाही. आम्ही सामायिकाला बसलो, णमोकाराची माळ ओढली. मी मनात म्हणत होते, एकच दिवस झाला, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याचा प्रश्न. तुम्ही म्हणाल, नळाचं पाणी गाळून घ्यायचं, त्यात काय? पण गाळलं की जिवाणीचं काय करायचं? गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतून आलेलं पाणी, ती जिवाणी परत कुठं सोडणार? आपल्या आजी-पणजींनी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. नुसतं गाळणं म्हणजे अर्धं काम. छन्न्यात अडकलेले जीव जिथून आले तिथंच, त्याच पाण्यात परत पोचवले, तर ते गाळणं पुरं. आज घरोघरी नळ आणि आरओ आहेत, आपण हे विसरत चाललो. मीही तिवशाला किती वेळा मोरीतच ओतते, कशाला लपवू?

लॉजच्या मागं कडुनिंब होता आणि त्याच्याखाली एक आडविहीर. तिथं खोल्या झाडणारी बाई पाणी ओढत होती. कोरकू. वय माझ्याच एवढं असेल, सगळे तिला माय म्हणत. मी घागर पुढे केली, तिनं पाणी ओतलं. मी छन्नं दुहेरी करून घागरीवर बांधलं, सावकाश गाळलं. ती हातातली दोरी धरून बघत राहिली. मग मोडक्या वऱ्हाडीत म्हणाली, "काहून गाळता बाई? पानी तं साफ हाय."

"साफच आहे. पण त्यात बारीक जीव असतात, आपल्याला दिसत नाहीत."

"मंग ते कुठी फेकता?"

"फेकत नाही माय. परत विहिरीत सोडतो."

तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "हो. त्याहिचं घर थेच हाय."

मैत्रिणींनो, किती प्रवचनं ऐकली असतील मी, जिवाणीवर. इतक्या थोडक्यात कोणी सांगितलं नव्हतं.

पुढची अडचण मी तिला सांगितली. आपल्याकडे जुन्या घरांत बुडाला कडी असलेली बादली असायची. ती दोरानं पाण्यापर्यंत सोडायची, आणि पाण्याला टेकली की कडीच्या दोरीनं हळूच कलती करायची, म्हणजे वरून धारेनं आपटून जीव मरत नाहीत. माझ्या माहेरी कारंज्याला अशी बादली होती, आता कुठं असेल कोण जाणे. माय काही बोलली नाही. आत गेली, एक जुनी लोखंडी बादली घेऊन आली. बुडाच्या कडेला गंजून एक भोक पडलं होतं, त्यातून तिनं सुतळी ओवली आणि गाठ मारली. मी छन्नं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं खळबळलं, ते पाणी बादलीत घेतलं. तिनं बादली सोडली, खाली वाकून पाहिलं, आणि पाण्याला टेकताच सुतळी ओढली. आवाजसुद्धा झाला नाही. वर बघून हसली. पाचही सकाळी आम्ही दोघींनी हे काम केलं. तिनं मला पाण्याला डा म्हणायचं शिकवलं. मी तिला काही शिकवलं असं वाटत नाही.

विहिरीवरून परत येते तर मॅनेजर मागच्या पडवीत उभे. एका कोपऱ्यात मातीची चूल, सारवून घेतलेली, अजून ओली. खानावळीचं स्वयंपाकघर पुढच्या बाजूला. इकडे त्याचं काही येत नव्हतं. म्हणाले, पूर्वी त्यांची आई इथं राहायची, तिचा स्वयंपाक वेगळा असे, ही तिची चूल. आई गेल्यापासून बंद होती. "यहाँ बनाइए. बर्तन आपके, चूल्हा माताजी का." आणि खोलीही बदलून दिली, मागच्या बाजूची, कडुनिंबाकडची. तिथं वास येत नव्हता. भाडं तेच.

त्या चुलीवर मी पाच दिवस रांधलं. पहिल्या दिवशी मुगाची खिचडी. मग माय कुटकी घेऊन आली, त्या भागातलं बारीक धान्य. मी नीट निवडलं, धुतलं, आणि त्याचा भात केला. वर तूप आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. मायला वाढायला गेले तर म्हणाली, आधी तुम्ही जेवा, तुमचं ऊन जाईल. तिला दोन दिवसांत आमचं घड्याळ कळलं होतं. तिवशाला माझ्या शेजारणी वीस वर्षांपासून सातनंतर विचारतात, "जेवण झालं का?"

एवढं सगळं होऊनही माझा हिशेब मी मनातून काढून टाकला नव्हता. वाटायचं, माझं ठीक आहे, मी दिवसभर रिकामी. पण ही सकाळी साडेनऊला जाते, शाखेतून निघायला सहा-साडेसहा होतात, तेव्हा अंधार. हिचा नियम कसा टिकणार? आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं, हिचा नियम टिकलाय कुठं? तिवशाला ती सात-साडेसातला घरी यायची आणि रोज म्हणायची, "मी खाऊन आले आई." मी समजायचे, अमरावतीला स्टँडवर कचोरी-समोसा काहीतरी खाते. बटाट्याचासुद्धा. कधी बोलून दाखवलं नाही, पण मनात धरून होते. मंदिरात एखादी म्हणायची, तुमची सूनबाई नोकरी करूनही नियम पाळते ना? मी "हो" म्हणायचे आणि पूजेचं ताट पुसायला घ्यायचे.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार ती कामावर गेली. मी चुलीवर रांधून तिला दोन डबे द्यायचे. रविवारी सुट्टी. दुपारी आम्ही दोघी खोलीत पडलो होतो. ती भाड्याच्या खोलीबद्दल काहीतरी सांगत होती, आणि तिचा मोबाइल वाजला. फोन नव्हता, गजर होता. पलंगावर माझ्याच बाजूला पडला होता, म्हणून मी उचलला. पाच वाजले होते आणि स्क्रीनवर लिहिलं होतं, डबा.

"हा कसला गजर?"

"रोजचा आहे आई, बँकेतला. बंद करायचा राहिला."

मला लगेच कळलं नाही. तिनं मग हसत हसत सांगितलं. अमरावतीला असल्यापासूनचा गजर. दुपारी अर्धाच डबा खायचा, अर्धा ठेवायचा. पाचला गजर झाला की मागच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन दहा मिनिटांत उरलेला संपवायचा. ज्या दिवशी कॅश जुळत नाही त्या दिवशी उठता येत नाही, मग राहून जातं.

"आणि त्या दिवशी घरी येऊन काय खायचीस?"

"काही नाही. सकाळीच."

"मला तर म्हणायचीस, खाऊन आले!"

ती खाली बघून म्हणाली, "नाही म्हटलं असतं तर तुम्ही दिवेलागणीनंतर माझ्यासाठी गॅस पेटवला असता आई. खाऊ घातलं असतं तर माझा नियम मोडला असता, आणि उपाशी ठेवलं असतं तर तुम्हाला झोप लागली नसती."

तीन वर्षं. एका घरात, एका छताखाली. मी तिच्या कचोऱ्या मोजत होते आणि ती माझी झोप जपत होती. मला काही बोलता येईना. उठून चुलीकडे गेले, पावणेसहाच्या आत गरम भाकरी केली आणि तिला समोर बसवून वाढली. त्या दिवशी धूर फार झाला चुलीचा.

त्या रात्री मी तिला जे सांगितलं ते माझ्या मुलालाही माहीत नाही. १९८२ साली मी नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. झाले, तेव्हा अमरावतीचं विद्यापीठ वेगळं व्हायचं होतं. अमरावतीला मावशीकडे राहून शिकले. पुढच्या वर्षी बँकेची क्लार्कची परीक्षा पास झाले. ऑर्डर आली, गाव होतं अहेरी. बाबांनी ती ऑर्डर दोनदा वाचली. म्हणाले, "कुठी राहशीन? लॉजमंदी? आपल्या घरची पोरगी लॉजमंदी राहीन काय? अन् धर्म? पाणी कोण गाळून देईन? दिवसाउजेडी जेवाले कोण वाढीन?" मी काही म्हटलं नाही. मुदत संपली, ऑर्डर संपली. मी ती अकाउंटन्सीच्या पुस्तकात ठेवली, आणि पुढच्या मे महिन्यात माझं लग्न झालं.

बाबा वाईट नव्हते. माझ्यावर त्यांचा फार जीव. पण तेव्हापासून चाळीस वर्षं मी एक वाक्य मनात म्हणत आले, धर्मामुळे माझी नोकरी गेली. मंदिरात बसूनसुद्धा कधी कधी हे वाक्य यायचं. त्या लॉजवर, चुलीच्या धुरानं झोंबणाऱ्या डोळ्यांनी, मला ते वाक्य खोटं असल्याचं कळलं. माझा धर्म तर पिशवीत मावला होता. दोन छन्नी, एक तसबीर, आणि पाचचा एक गजर. बाकी लागली ती एक विहीर, एक चूल आणि दोन भली माणसं. अहेरीलाही विहिरी असतीलच. बाबांना भीती होती लोकांची, आणि पोरीची काळजीही होती. पण त्यांनी नाव धर्माचं घेतलं, आणि मीही तेच नाव घेत राहिले. धर्मावर हा आळ मी चाळीस वर्षं ठेवला.

सूनबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही गेला असतात तर आज मॅनेजर म्हणून रिटायर झाला असता आई."

मी म्हटलं, "आणि तुझी सासू दुसरीच कोणी असती."

"मग बरं झालं नाही गेलात," म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

सोमवारी सकाळी मी एकटी परत निघाले. त्याआधी गच्चीवर गेले. तिथं रोज सकाळी उभी राहून परोक्ष दर्शन करायचे. धारणीहून मुक्तागिरी पूर्वेला पडते, म्हणजे सूर्य उगवतो तिकडेच. टाकीच्या बाजूला उभं राहून हात जोडले की मधलं सगळं रान डोळ्यासमोर, आणि त्यापलीकडे आपली बावन्न मंदिरं. इतक्या वर्षांत मुक्तागिरीचं दर्शन मी कधी पलीकडच्या बाजूनं घेतलंच नव्हतं.

मायच्या ओळखीनं सूनबाईला एक खोली मिळाली होती, एका निवृत्त मास्तरांच्या घरी, आवारात विहीर. दोन वर्षांचा प्रश्न. ती राहणार होती. त्याच धारणी तालुक्यात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी अख्खं आयुष्य घातलं, २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली. स्मिताताई नागपूरच्या. त्या राहू शकल्या, तर आमची सूनबाई दोन वर्षं का नाही राहणार?

खाली येऊन बिल केलं. पाच रात्री, ६०० प्रमाणे ३००० रुपये. मी सरपणाचे आणि चुलीचे वेगळे काढून ठेवले होते. मॅनेजरनी ते परत सरकवले. "चूल्हे का किराया नहीं लगता, माताजी." मायच्या हातात मी एक लुगडं दिलं. तिनं घेतलं, आणि विचारलं, "त्या पोरीचं पानी आता कोन गाळते?" मी म्हटलं, तीच गाळेल. "मंग बादली घेऊन जाऊ द्या तिले," म्हणाली. ती सुतळीवाली बादली आज सूनबाईच्या विहिरीवर आहे.

मॅनेजरनी रजिस्टर पुढे केलं, जायची वेळ लिहायला. माझ्या नावापुढे तो शब्द होता, सोबत. पाच दिवसांपूर्वी मी तो खोटा लिहिला होता. सही करताना तो खरा झालेला होता.

बसमध्ये मला रत्नकरंड श्रावकाचार आठवत होता. समंतभद्राचार्यांनी त्यात वैयावृत्त्याची चार दानं सांगितली आहेत, आहार, औषध, उपकरण आणि आवास. आहारदान आपल्याला पाठ आहे. मुनीमहाराज येणार म्हटलं की चौका लावायला आपण पहाटे तीनला उठतो. औषध देतो, पिंछी-कमंडलू, शास्त्रं देतो. आवासदानाचा विचार आपण फारसा करत नाही, केला तर धर्मशाळेच्या खोलीवर नावाची फरशी बसवण्यापुरता. हे दान मुनींसाठी सांगितलं आहे, मॅनेजर आणि मी त्यात कुठं बसतो हे पंडितजींना विचारावं लागेल. पण घेणाऱ्याच्या बाजूला बसल्यावर त्या दानाचं वजन मला कळलं. परक्या गावात, अंधार पडल्यावर, कोणी तुम्हाला न हसता विचारतं, तुम्ही काय खात नाही? आणि सकाळी आपल्या आईची चूल सारवून देतं. यापेक्षा मोठी जागा कोण कोणाला देणार?

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "एकटीच आलीस?" मी म्हटलं, "हो, तिला तिथं सोडून आले. आणि आता दर महिन्याला आठ दिवस मी जाणार आहे." ते बराच वेळ पेपर उलटा धरून वाचत होते.

आता थोडं कामाचं, कारण तुमच्यापैकी कोणाच्या लेकीसुनांवर ही वेळ येईलच. लॉजवर उतरायची वेळ आली तर खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कडी, खिडकी आणि न्हाणी आधी पाहा. मागच्या बाजूची खोली मागा, खानावळीचा वास कमी. इंडक्शन लावण्याआधी विचारा, माझ्यासारखी फजिती करून घेऊ नका. आपण काय खात नाही ते लाजत लाजत नको, पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. सांगितलं तर लोक समजून घेतात. गाळलेलं पाणी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं. लवंगेची पूड घालून प्रासुक केलं तर सहा तास. उकळलेलं चोवीस तास, त्या हिशेबानं भरून ठेवा. छन्नं दोन न्या, एक वाळेल तोवर दुसरं. आणि मोबाइलमध्ये पाचचा गजर लावा. त्याला नाव काहीही द्या, आमच्याकडे त्याचं नाव डबा आहे.

आणि तुमच्या घरात एखादी सून किंवा लेक रोज "खाऊन आले" म्हणत असेल, तर एकदा तिच्याजवळ बसून विचारा, काय खाल्लंस ग.

जय जिनेंद्र.